दर रविवारी पडणारी रेघ

"रविवारी काय होतं यांना?" खळदकर सरांनी कागदावर बोट टेकवून मला विचारलं.

कागदावर त्यांच्या वेबसाइटचा महिन्याभराचा आलेख होता. रेघ सोमवारी उभी चढायची, शुक्रवारपर्यंत वरच्या वर चालायची आणि रविवारी तोंडावर आपटायची. सोमवारी पुन्हा वर. सरांनी चष्मा कपाळावर नेला आणि कागद नाकाशी धरला. शाळेत माझ्या वहीतल्या चुका शोधताना ते असेच बघायचे, त्यामुळे यातही चूक माझीच असणार, असं मला उगाच वाटायला लागलं.

ही दोन हजार बारा सालची गोष्ट. देवसांगवीत एसटी स्टँडच्या मागे माझं दुकान होतं, 'मुलाणी कॉम्प्युटर्स'. पाटीवर झेरॉक्स, प्रिंट, लॅमिनेशन आणि सगळ्यात खाली 'वेबसाइट बनवून मिळेल' असं लिहिलेलं होतं. तोवर मी वेबसाइट एकच बनवली होती, ती सरांची.

सर आमच्या हायस्कूलचे मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले. मराठी शिकवायचे आणि त्याहून जास्त शिस्त शिकवायचे. गावातल्या साप्ताहिकात कैक वर्षं त्यांचं शब्दकोडं यायचं. पुढे साप्ताहिकाच्या मालकाने ती जागा बोअरवेलच्या जाहिरातीला दिली, तेव्हा सर छत्री टेकत दुकानात आले आणि म्हणाले, इंटरनेटवर जागेची टंचाई नसते असं ऐकतो. मग 'आडवंउभं' सुरू झालं. रोज एक नवं कोडं. आधी दहावीस माणसं यायची, मग शंभर, दीड वर्षात आकडा हजाराच्या घरात गेला. एवढी माणसं कोण, असा प्रश्न सरांना पडला नाही. इंटरनेटवर असतात ती तरुण पोरं, तेव्हा कोडी सोडवतात तीही तरुण पोरंच, असा त्यांचा सरळ हिशेब. भाजी मंडईत, दवाखान्यात, बँकेच्या रांगेत, जो भेटेल त्याला ते सांगत सुटले की तरुण पिढी मराठीकडे वळली. हे शाळेच्या कानावर गेलं आणि सुवर्णमहोत्सवात त्यांचं व्याख्यान ठरलं : 'तरुण पिढी आणि मराठी'. त्यासाठी आकडे हवे होते, म्हणून ते त्या दिवशी आले होते.

रविवारी पोरं क्रिकेट खेळत असतील, असा त्यांनी स्वतःच एक तर्क लढवला. मला तिथेच गप्प बसता आलं असतं. पण आपल्याला जे येतं ते दाखवायची हौस वाईट असते.

"सर, अजून एक कागद आहे," मी म्हटलं. "वाचक काय घेऊन आला तेही मोजलं जातं. कुठली ऑपरेटिंग सिस्टिम, कुठला ब्राउझर."

"म्हणजे पाहुणा बैलगाडीने आला की मोटारीने आला, ते?"

"तसंच."

मी तो कागद काढून दिला. सोमवार ते शुक्रवार जवळजवळ सगळे वाचक विंडोज एक्सपीवरून आणि इंटरनेट एक्सप्लोररच्या सहाव्या आवृत्तीतून येत होते. दोन्ही तेव्हाच म्हातारी झालेली. रविवारी जी थोडी माणसं उरायची त्यांच्यात मात्र क्रोम, फायरफॉक्स, एखाददुसरा मोबाइल. मी सरांना सांगितलं की यात आपलंच काही वेगळं नाही, जगभर असंच चाललंय. कामाच्या दिवशी एक्सप्लोरर वर जातो, सुटीच्या दिवशी क्रोम वर येतो. घरी माणूस मनासारखं काहीतरी घेतो. ऑफिसात साहेबाने पूर्वी कधीतरी बसवून ठेवलेलं असतं, तेच वापरावं लागतं.

सरांनी कागद पुन्हा वाचला. मग त्यांनी कुठल्या वेळी किती जण येतात ते विचारलं. मी दाखवलं. अकराला गर्दी सुरू, दीडला ओसरते, दोनला पुन्हा सुरू, साडेपाचला सामसूम. सर उठले, भिंतीवरचं कालनिर्णय काढून काउंटरवर घेऊन आले आणि आलेखाशेजारी ठेवून तारखा लावू लागले.

"हा शनिवार पडलाय. हा नाही. हा पडलाय. शबाना, दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी सुटी कुणाला असते?"

तेव्हा कुठे माझ्याही डोक्यात उजेड पडला. गावांची यादी काढली तर सगळ्यात वर नाव देवसांगवीचंच होतं, आणि देवसांगवीत एवढे जुने संगणक एकाच छपराखाली होते : नगरपरिषदेत. मला ते चांगलं ठाऊक होतं, कारण नगरपरिषदेला स्वतःची वेबसाइट करायची होती आणि ते काम मिळावं म्हणून मी तिथे खेटे घालत होते.

"बाकीची गावंही तालुक्याचीच दिसतायत, म्हणजे तिथलीही ऑफिसंच," सर हळूच म्हणाले. तरुण पिढी अशी माझ्या दुकानात, लॅमिनेशनच्या मशिनशेजारी, एका बैठकीत संपली.

दुसरा कुणी असता तर हसला असता. सर नोकरीत असताना घंटेच्या आधी शाळेत आणि घंटेनंतर घरी, असे वागलेले. आपलं कोडं लोक कामाच्या वेळात सोडवतात, म्हणजे त्या कामचुकारपणात आपला हात आहे, असं त्यांनी मनाला लावून घेतलं. त्यांनी तिथल्या तिथे हुकूम सोडला. यापुढे कोडं संध्याकाळी सहाला लागेल आणि सकाळी दहाला उतरेल. मधल्या वेळात पानावर फक्त एक ओळ दिसेल : ही कामाची वेळ आहे.

वाचक कोसळतील, व्याख्यान तोंडावर आलंय, असं मी त्यांना बजावून पाहिलं.

"कोसळू देत. शाळेत कॉपी बंद केली तेव्हा निकालही कोसळला होता."

तसंच झालं. आठवड्याभरात रेघ जमिनीला टेकली. मग पत्रं यायला लागली, म्हणजे ईमेल. सरांच्या ईमेल मीच छापून त्यांना देत असे. पहिलीच अशी होती : 'विषय : दैनंदिन शब्दकोडे कार्यालयीन वेळेत उपलब्ध होत नसलेबाबत. महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, सदर कोडे पूर्ववत सुरू करणेबाबत योग्य ती कार्यवाही व्हावी.' खाली नाव नव्हतं, 'एक वाचक' एवढंच. सरांनी खिशातून लाल पेन काढलं, 'नसलेबाबत' खोडून 'नसल्याबाबत' केलं, 'करणेबाबत'चं 'करण्याबाबत' केलं, आणि एवढंच उत्तर मला पाठवायला सांगितलं. चार दिवसांनी 'स्मरणपत्र क्रमांक एक' आलं. त्यात दोन्ही दुरुस्त्या केलेल्या होत्या. सर मनातून खूश झाले, पण कोडं काही त्यांनी सुरू केलं नाही.

याच सुमारास एक चमत्कार झाला. सरांच्या घरासमोरच्या गटारावरची फरशी वर्षभर फुटलेली होती. घरी येणाऱ्याला उडी मारून आत यावं लागायचं. सरांच्या पत्नी मालनकाकू सत्तरीला टेकलेल्या, त्याही हातात भाजीची पिशवी घेऊन उडी मारायच्या. त्यांनी नगरपरिषदेला तीन अर्ज दिले होते आणि चौथा द्यायचा नाही असं रागाने ठरवलं होतं. एका बुधवारी सकाळी ट्रॅक्टर आला, माणसं उतरली, त्यांनी आधी गटार उपसलं, मग नवी कोरी फरशी बसवली आणि पाणी मारून निघून गेली. काकूंनी चहा विचारला तर चहासुद्धा घेतला नाही. त्यामुळे काकू घाबरल्याच.

सर मात्र तडक दुकानात आले. कोडं बंद झालं आणि कामं सुरू झाली, याहून मोठा पुरावा कोणता, असं त्यांचं म्हणणं. व्याख्यानाचा विषय त्यांनी मनातल्या मनात बदलून टाकला होता. कोडं बंद होण्याआधीचा आणि नंतरचा, असे दोन्ही आलेख पडद्यावर दाखवायचे आणि नगरपरिषद कामाच्या वेळात काय करत होती, मग कशी सुधारली, हे गावाला सांगायचं. प्रमुख पाहुण्या कोण, तर नगरपरिषदेच्या नव्या मुख्याधिकारी देशभ्रतार मॅडम. कडक म्हणून त्यांची ख्याती होती. आलेख बनवणारी मी, पडद्यावर दाखवणारी मी आणि वेबसाइटच्या कामासाठी मॅडमच्या सहीची वाट बघणारीही मीच. निदान आधी स्वतः जाऊन बघा तरी, असं मी सरांना म्हटलं. ते त्यांना पटलं.

नगरपरिषदेत बांधकाम विभागाच्या टेबलावर अविनाश पोपळघट बसले होते. पन्नाशीचे, पोट सुटलेले, फायलींच्या दोन ढिगाऱ्यांमधून फक्त डोकं दिसत होतं. सरांना पाहताच ते वर्गात उभं राहावं तसे ताडकन उभे राहिले. सरांचेच विद्यार्थी.

"सर, फरशी नीट बसली ना?"

सरांनी त्यांची पाठ थोपटली. ऑफिस कामाला लागलेलं बघून समाधान वाटलं, असं म्हणाले. पोपळघटांनी इकडेतिकडे बघितलं.

"ऑफिस नाही सर, तुमचंच काम केलं. बाकीची आहेत तशीच आहेत."

मग सगळं बाहेर आलं. कोडं बंद झालं तशी ऑफिसात अवकळा आली. 'एक वाचक' ते हेच. वेबसाइटच्या तळाशी सरांचं नाव होतं, ते वाचून पोपळघटांनी खळदकर नावाचं काही अडकलंय का ते शोधलं, काकूंचे तीन अर्ज सापडले, आणि पाणीपुरवठ्यापासून लेखा विभागापर्यंत सगळ्या टेबलांनी ते दोन दिवसांत पळवले.

"काम झालं, सर. आता कोडं सकाळी लावा."

सरांचा चेहरा उतरला. "म्हणजे तू मला लाच दिलीस."

"फरशीची?" पोपळघटांना खरोखरच नवल वाटलं. "सर, फरशी तर तुमचा हक्क होता."

"मग वर्षभर काय करत होतास?"

पोपळघट टेबलावरच्या टाचणीशी चाळा करत राहिले. "कोडं सुटेपर्यंत दुसऱ्या कामात लक्ष लागत नव्हतं, सर."

सरांनी त्यांना व्याख्यानाचं सांगितलं. आलेखाचंही सांगितलं. दिवस, तास, शनिवार, सगळं. पोपळघट खुर्चीत बसले. आपल्याला काय होईल याबद्दल ते एक अक्षर बोलले नाहीत. म्हणाले, "तुम्ही मला मराठीत दोनदा नापास केलंत. तिसऱ्यांदा पस्तीस दिलेत. त्यानंतर मी मराठीचं पुस्तक हातात धरलं नाही. कोडं होतं तेव्हा सकाळी आल्या आल्या आमच्यात शब्दांवरून भांडणं व्हायची. शेवटच्या कोड्यात मी 'अनुताप' घातला. बरोबर आला."

"अनुताप म्हणजे काय?" सरांनी सवयीने विचारलं.

"पश्चात्ताप, सर."

"होतोय का?"

पोपळघटांनी प्रामाणिकपणे विचार केला. "शब्द बरोबर आला याचा आनंद होतोय."

सर बाहेर पडले. दुकानापर्यंत मी त्यांच्या मागे चालत होते. दाराशी थांबून ते एवढंच म्हणाले, "पस्तीस नव्हे. मी त्याला सदतीस दिले होते."

व्याख्यानाच्या दिवशी शाळेचा हॉल भरला होता. तिसऱ्या रांगेत नगरपरिषदेची माणसं ओळीने बसली होती, पेपर हातात पडायची वाट बघत असल्यासारखी. मंचावर देशभ्रतार मॅडम. मी प्रोजेक्टरपाशी. सरांनी ठरवलंय तरी काय, हे मला त्यांनी शेवटपर्यंत सांगितलं नव्हतं. फक्त पहिला आलेख लाव म्हणाले, आणि मी लावला. दर रविवारी पडणारी रेघ भिंतभर मोठी झाली.

"मला तरुण पिढीवर बोलायला सांगितलंय," सरांनी सुरुवात केली. "तरुण पिढीबद्दल मला काहीच माहीत नाही. ती माझ्या कोड्याकडे फिरकत नाही."

हॉलमध्ये खसखस पिकली. सर थांबले नाहीत. आपले वाचक कोण हे आपल्याला अलीकडेच कळलं, असं त्यांनी सांगितलं. ती नोकरी करणारी, संसार असलेली माणसं आहेत. जुन्या संगणकावरून येतात, कारण कुणी त्यांना नवा दिलेला नाही. रविवारी येत नाहीत, कारण घरचा संगणक असलाच तर मुलांच्या ताब्यात असतो.

"यातल्या काहींना मी मराठीत नापास केलेलं आहे," ते म्हणाले. "वर्गात मी त्यांना समोर बसवून मराठी शिकवली, ती त्यांना आवडली नाही. आता तीच मराठी ते साहेबाची नजर चुकवून वाचतात. नजर चुकवून वाचावीशी वाटेल इतकी मराठी कुणाला आवडावी, हे शिक्षक म्हणून मला कधी जमलं नव्हतं."

तिसऱ्या रांगेत कुणी हलत नव्हतं. मॅडम भिंतीवरच्या रेघेकडे बघत होत्या.

"पण नजर चुकवली ती चुकवलीच. म्हणून सोमवारपासून कोडं दुपारी दीडला लागेल आणि दोनला उतरेल. डबा खाताखाता सोडवा आणि दोनला कामाला लागा. कुठली माणसं, कुठलं ऑफिस, हे मी विचारलेलं नाही, सांगणारही नाही. नमस्कार."

दुसरा आलेख लावायला त्यांनी सांगितलंच नाही. टाळ्या सगळ्यात उशिरा थांबल्या त्या तिसऱ्या रांगेतल्या. पोपळघट उभे राहून वाजवत होते आणि शेजारचा त्यांचा शर्ट ओढून त्यांना खाली बसवत होता.

चहाच्या वेळी मॅडम चिवड्याची बशी घेऊन सरांजवळ आल्या. मी शेजारीच होते. आता सगळं संपलं, असं मी मनाशी धरून चालले होते. मॅडमनी आवाज खाली आणला.

"सर, अर्धा तास कमी पडेल हो. कोडं जरा सोपं घालाल का?"

सरांनी त्यांच्याकडे चष्म्यावरून बघितलं. "कोडं सोपं होणार नाही. डबा लवकर संपवा."

नगरपरिषदेची वेबसाइट मलाच मिळाली. मालमत्ता कर, जन्मदाखले, तक्रार पेटी, सगळं मी तिच्यावर मांडलं. लोक सगळ्यात जास्त दाबायचे ते कोपऱ्यातलं 'आजचं कोडं'. ऑफिसातली कामं भराभर व्हायला लागली, असं मात्र मला सांगता येणार नाही. काकूंच्या पुढच्या गल्लीतली फरशी अजून फुटकीच आहे.

आलेख बदलत गेला. जगात एक्सप्लोररची ती जुनी आवृत्ती हळूहळू, वर्षानुवर्षं खंगत संपली. आमच्याकडे ती एका महिन्यात शून्यावर आली, कारण मॅडमनी बदलीआधी नवे संगणक मागवले. सर कागद घेऊन धावत आले, माझी माणसं कुठे गेली म्हणून. मी त्यांना दाखवलं की माणसं तीच आहेत, गाड्या नव्या आहेत. पुढे ज्याच्या त्याच्या हाती मोबाइल आले आणि रविवारची खाच भरत गेली. कोडं आता माणसाच्या खिशातूनच घरी जायचं. रेघ सरळ झाली, वाचक वाढले, पण सरांचा जीव त्यात रमेना. कोण कुठून आलं, काही कळत नाही, अशी त्यांची तक्रार.

दोन वर्षांपूर्वी ते असेच आलेख बघत दुकानात बसले होते. वय ऐंशीच्या पुढे, चष्म्याच्या काचा आणखी जाड. एकदम म्हणाले, "हे काय?"

कित्येक वर्षांनी यादीत एक एक्सपी उगवला होता. त्यात एक्सप्लोरर, तोच सहावा. सगळ्या गर्दीत एकच वाचक. रोज दीडला यायचा आणि दोनला जायचा. रविवारीसुद्धा. सरांची वेबसाइट मी पहिल्यापासून होती तशीच साधी ठेवली होती, त्यामुळे इतका जुना संगणकही तिथपर्यंत पोचत होता.

सरांनी फार विचार केला नाही. "पोपळघट निवृत्त झाला ना?"

त्या रविवारी मी त्यांना स्कूटरवर बसवून पोपळघटांच्या घरी नेलं. दार त्यांच्या बायकोने उघडलं आणि आम्ही विचारायच्या आत गाऱ्हाणं सांगायला सुरुवात केली. सकाळपासून हा माणूस आंघोळ करून तयार असतो. दीडला आतल्या खोलीत जातो. दोनला उठून पडवीत येऊन बसतो आणि मग संध्याकाळपर्यंत नुसता रस्ता बघतो. काही विचारलं तर म्हणतो, वेळ संपली.

आत पोपळघट एका जुन्या संगणकासमोर बसले होते. बाजूला पांढऱ्या रंगात नगरपरिषदेचा क्रमांक अजून होता. ऑफिसाने जुने संगणक भंगार म्हणून लिलावात काढले, तेव्हा त्यांनी आपल्याच टेबलावरचा घेतला होता. मोबाइलवर चौकोन बारीक दिसतात, असं त्यांनी उठून उभं राहत सांगितलं.

"बस," सर म्हणाले आणि स्वतः शेजारच्या स्टुलावर बसले.

पडद्यावर अर्धवट भरलेलं कोडं होतं. एक शब्द चुकला होता, तो मलासुद्धा दिसला. सरांना दिसला नसेल हे शक्य नाही. पण ते बोलले नाहीत. दोघं वाकून बघत राहिले. काकडीची कोशिंबीर आणि पोळ्या आल्या, त्याही तशाच राहिल्या. दोन वाजले. पान आपोआप बदललं, कोडं गेलं. पोपळघटांनी हात मांडीवर घेतले आणि रिकाम्या पडद्याकडे बघून म्हणाले, "झालं, सर."

परतताना सर स्कूटरवर माझ्या मागे बसले होते. स्टँडच्या चौकात मी वळण घेतलं, तेव्हा त्यांनी माझ्या खांद्याला बोट लावलं.

"शबाना, रविवारचं कोडं दोनला उतरवू नकोस. राहू दे दिवसभर."